कोंबडी मलूल झाली? औषधाआधी या चुका टाळा

आमची तांबडी दोन दिवस खुराड्याच्या कोपऱ्यात पिसं फुलवून बसली होती. मी दुकानात गेले, "कोंबडी सुस्त झालीय" एवढंच सांगितलं आणि एक पुडी घेऊन आले. पुडी पाण्यात कालवून ते पाणी सगळ्या कोंबड्यांसमोर ठेवलं. बाकीच्या आठ जणी ते पिऊन गेल्या. जिला औषध हवं होतं ती पाण्याकडे वळलीसुद्धा नाही. तिसऱ्या रात्री ती गेली. तिला काढायला बॅटरी घेऊन खुराड्यात वाकले, तेव्हा बांबूच्या भेगांतून बाहेर पडलेल्या गोचिड्या दिसल्या, रक्त पिऊन टम्म झालेल्या. दिवसा तिथे एकही दिसत नसे. तिला आजार नव्हता, रोज रात्री तिचं रक्त शोषलं जात होतं. मी एकदा तिला उचलून तिचा पांढराफटक पडलेला तुरा नीट पाहिला असता, तर ती वाचली असती.

म्हणून आता माझा एकच आग्रह असतो. कोंबडी मलूल दिसली की आधी औषधाचं नाव विचारू नका, तिला हातात घ्या. परसातल्या कोंबड्यांच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका न बघता औषध देण्यातूनच होतात.

न उचलताच निदान करणं

कोंबडी आजार लपवते. कळपात दुबळी दिसली तर बाकीच्या टोचतात आणि शिकारी तिलाच हेरतो, म्हणून ती शक्य तितका वेळ धडधाकट असल्याचं भासवते. तुमच्या लक्षात येईपर्यंत दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. त्यामुळे "उद्या बघू" म्हणू नका.

आधी पाच मिनिटं लांबून बघा. शेपूट खाली पडलीय का, एका पायावर भार देतेय का, चोच उघडी ठेवून श्वास घेतेय का, दाणे टाकल्यावर धावते की नुसती बघते? मग तिला उचला. दोन्ही पंख अंगाशी धरून बगलेत घेतली की ती शांत होते.

छातीच्या मधल्या हाडावरून बोटं फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागायला हवं. हाड सुरीच्या पात्यासारखं टोचत असेल तर हे दुखणं कालचं नाही, ती कित्येक दिवसांपासून खंगते आहे. जंत, जुनाट आजार किंवा दाण्यावरून हाकलली जाणं, यांपैकी काहीतरी असतं. पिसांमुळे वरून हे कळत नाही, हातालाच कळतं.

मग मानेच्या बुडाशी असलेली अन्नाची पिशवी चाचपा. ही तपासणी सकाळी खायला घालण्याआधी करा. रात्री पिशवी भरलेली असते, सकाळपर्यंत ती रिकामी व्हायला हवी. सकाळीही ती दगडासारखी घट्ट असेल तर लांब गवत, दोरा किंवा तूस अडकलंय. फुग्यासारखी लिबलिबीत असेल आणि चोचीतून आंबूस वास येत असेल तर आतलं अन्न आंबलंय. दोन्ही वेळा काही जण कोंबडीला उलटी टांगून पिशवी पिळतात. हे करू नका. वर आलेलं पाणी श्वासनळीत जातं आणि कोंबडी हातातच गुदमरते. दाणे बंद करा, पाणी चालू ठेवा, पिशवीला हलक्या हाताने मालिश करा, आणि दिवसभरात फरक पडला नाही तर डॉक्टर गाठा.

शेवटी शेपटीखालची पिसं फुंकर मारून दुभंगा, पंखाखाली बघा, तळपाय उलटे करून बघा. पिसांच्या बुडाशी पांढरे गठ्ठे दिसले तर त्या उवांच्या लिखा. तळव्यावर काळी खपली आणि सूज असेल तर तिथे काटा किंवा खरचट्यातून पू झालाय. लंगडणारी कोंबडी म्हटलं की लोक लगेच "वारं गेलं" म्हणतात, तळवा मात्र कोणी बघत नाही. गोचिडी आणि लाल किडे शोधायचे तर रात्री बॅटरी घेऊन जा. बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूला आणि सांध्यांच्या भेगांत बघा.

खुडूक, आजारी आणि अडलेली यांत गल्लत

तिघी खुराड्यातच राहतात, तिघी कमी खातात, पण तिघींना वेगवेगळं काहीतरी हवं असतं.

खुडूक कोंबडी तापट असते. हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते, टोचते, आणि तिचे डोळे लख्ख असतात. दिवसातून एकदा उठून भराभर खाते, मोठी दुर्गंधीची विष्ठा टाकते आणि परत जाऊन बसते. आजारी कोंबडी प्रतिकारच करत नाही. एरवी हाताला न लागणारी कोंबडी सहज उचलू देत असेल तर सावध व्हा.

तिसरी म्हणजे अंडं अडलेली. ही ताठ उभी राहते, शेपूट वर-खाली हलवत कुंथते, पुन्हा पुन्हा अंड्याच्या जागी जाते आणि रिकामी परत येते. तिला उशीर परवडत नाही. कोमट पाण्यात पोटापर्यंत वीसेक मिनिटं बसवा, टॉवेलने कोरडी करा, अंधाऱ्या उबदार जागी ठेवा आणि कॅल्शियम द्या. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका. आत फुटलेल्या कवचाने जखम होते आणि ती जीवघेणी ठरते. संध्याकाळपर्यंत अंडं आलं नाही तर दवाखाना गाठा.

एका अंड्याच्या कवचासाठी सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागतं. नुसत्या कणीवर आणि शिळ्या भातावर जगणारी कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. कोकणात तिसऱ्या-कालवांसारख्या शिंपल्यांची कवचं उकिरड्यावर जातात. ती धुवून, वाळवून, कुटून एका वाटीत ठेवा. जिला हवं ती हवं तेवढं टिपते.

प्रत्येक वेगळी विष्ठा म्हणजे हगवण नव्हे

कोंबडीच्या विष्ठेवरचा पांढरा भाग म्हणजे तिचं मूत्र. तो दिसायलाच हवा. दर काही वेळांनी एकदा पडणारी चिकट, तपकिरी, उग्र वासाची विष्ठाही निरोगीच असते. ती आतड्याच्या वेगळ्या भागातून येते. उन्हाळ्यात कोंबडी जास्त पाणी पिते, त्यामुळे विष्ठा पातळ होते. हे बघून औषधाची बाटली उघडू नका.

हिरवीगार विष्ठा मात्र गंभीर आहे. पोटात अन्न नाही आणि नुसतं पित्त बाहेर पडतंय असा तिचा अर्थ होतो, आणि मानमोडी या साथीच्या रोगातही तशीच विष्ठा असते. पावसाळ्यात तीन ते आठ आठवड्यांची पिल्लं पंख पाडून, एकमेकांना चिकटून बसली आणि विष्ठेत रक्त दिसलं, तर ती रक्ती हगवण असण्याची शक्यता मोठी. त्यावर अँप्रोलियमसारखं वेगळं औषध लागतं. दुकानातली कोणतीही पुडी चालत नाही. शिवाय खालचं ओलं तूस बदललं नाही तर औषध देऊनही तोच रोग परत येतो, कारण त्याचे जंतू ओलाव्यातच तयार होतात.

मान वाकडी झाली की मानमोडीच, असं धरून चालणं

मानमोडी म्हणजेच राणीखेत. कुमाऊंतल्या राणीखेत गावाजवळ १९२०च्या दशकाच्या शेवटी हा रोग नोंदला गेला आणि भारतात तेच नाव रूढ झालं. हा रोग एकटीदुकटीला गाठून थांबत नाही. चार-आठ दिवसांत वाडीतली खुराडी रिकामी होतात. आधी घरघर, हिरवी हगवण, अंडी बंद, आणि मग उरलेल्यांच्या माना पिळवटतात.

पण एकच तलंग एक पाय पुढे आणि एक मागे टाकून पडली असेल आणि बाकीच्या ठणठणीत असतील, तर तो बहुधा मरेक्स हा विषाणूचा रोग. मान पिळवटलेली नसून कापडासारखी लुळी पडली असेल तर तिने मेलेल्या जनावरावरचे किडे टिपलेत का ते शोधा, कारण त्यातून विषबाधा होते. पिल्लांच्या पायाची बोटं आत वळली असतील तर ब-२ जीवनसत्त्व कमी पडलंय, आणि लवकर दिलं तर पिल्लं सावरतात.

मानमोडीवर औषध नाही. रोग आल्यावर धावत जाऊन आजारी कोंबड्यांना लस टोचणं ही मोठी चूक. तेव्हा उशीर झालेला असतो, आणि तीच सुई एकीकडून दुसरीकडे रोग नेते. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लसीचं इंजेक्शन, असा क्रम साधारण सांगितला जातो. आपल्या भागातला क्रम पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. पिशवीत घालून उन्हातून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. ती बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणा आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवा. बाटली बहुधा शंभर कोंबड्यांची असते, म्हणून शेजारच्या चार-पाच घरांनी एकच संध्याकाळ ठरवावी. वाडीतलं एक खुराडं जरी लसीविना राहिलं तरी रोगाला तेवढी वाट पुरते.

चोच उघडून पाणी ओतणं

ही चूक मायेपोटी होते, म्हणून ती सांगताना वाईट वाटतं. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडतं. वरून ओतलेलं पाणी थेट फुप्फुसात जातं. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, ती स्वतः गिळेल.

आणि त्याआधी ऊब द्या. निरोगी कोंबडीचं अंग ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं, त्यामुळे ती आपल्या हाताला एरवीही गरम लागते. त्यावरून ताप ठरवू नका. उलट तिचे पाय गार लागत असतील तर ती खचत चालली आहे. खोक्यात गोणपाट घाला, एका बाजूला बल्ब लावा, दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे उकडलं तर तिला सरकता येईल. माणसांची ओआरएस पावडर पाकिटावर लिहिलेल्या मापाने पाण्यात कालवून एक-दोन दिवस चालते. अंग गरम झालं आणि पाणी पोटात गेलं की मगच खाणं: उकडलेलं अंडं कुस्करून किंवा भिजवलेलं खाद्य. गार पडलेल्या कोंबडीला अन्न पचत नाही, ते पिशवीतच आंबतं. उन्हाने धापा टाकणारी असेल तर ऊब नको. तिला सावलीत न्या आणि पाय साध्या पाण्यात ठेवा. बर्फाचं पाणी नको.

रॉकेल, तंबाखू आणि खपल्या

पायांवरचे खवले उचकटून जाड पांढरे झाले की रॉकेल लावतात. त्याने कातडी भाजते. हे खवल्यांखाली राहणाऱ्या किड्यांचं काम आहे. पाय कोमट पाण्यात भिजवून घासा आणि खोबरेल चोपडा, किडे गुदमरतात. तीन-चार आठवडे हे चालू ठेवावं लागतं. उवांसाठी तंबाखूचं पाणी लावतात, पण ते कोंबडीलाही विषारी आहे. राखेत आणि कोरड्या मातीत लोळायला जागा करून द्या. उवा फारच झाल्या असतील तर डॉक्टरांनी सांगितलेली पावडर वापरा.

कोंबड्यांना होणाऱ्या देवी रोगाच्या खपल्या सोलू नका. खपलीत विषाणू असतो, आणि डासांमुळे तो आधीच पसरत असतो. तोंडाच्या आत पिवळे थर नसतील आणि कोंबडी खात असेल, तर तीन-चार आठवड्यांत ती बरी होते. डोळा चिकटला असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने पुसा.

प्रतिजैविकांबद्दल थोडक्यात सांगते. विषाणूंवर ती चालत नाहीत, अर्धवट दिली तर जंतू निर्ढावतात, आणि औषध सुरू असतानाची अंडी आपल्याच पोरांच्या ताटात जातात. औषध देणाऱ्याला "अंडी किती दिवस खायची नाहीत?" हे विचाराच. कोलिस्टिन या औषधावर तर भारत सरकारने २०१९ मध्येच खाद्य-प्राण्यांसाठी बंदी घातली आहे.

आजारी कोंबडी बाजारात नेणं

एक मेली की उरलेल्या आठवडी बाजारात विकायच्या, किंवा मरायच्या आत कापायची, हे गावोगाव चालतं. नुकसान सोसवत नाही हे मला कळतं. पण मानमोडी अशीच एका बाजारातून दहा गावांत जाते. देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात फेब्रुवारी २००६ मध्ये सापडला. अचानक बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे-जांभळे पडले, तोंडं सुजली, तर काही कापू नका, उघड्या हाताने उचलू नका. दवाखान्याला किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर कळवा. एखादी मेलेली कोंबडी तपासून घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून दुहेरी पिशवीत, बर्फावर ठेवून त्याच दिवशी न्या. गोठवली तर तपासणी बिघडते. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, पण वाट तालुक्याच्या दवाखान्यातून जाते. बाकीच्या मेलेल्या ओढ्यात टाकू नका, खोल खड्ड्यात चुना घालून पुरा.

बाजारातून नवी आणलेली किंवा पाहुण्यांनी दिलेली कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवा. तिचं भांडं वेगळं, आणि तिचं काम सगळ्यांच्या शेवटी.

बरी झालेली एकदम सोडणं

आठ-दहा दिवस खोक्यात राहिलेली कोंबडी कळपाला परकी होते. तिला दुपारी सोडलं तर जुन्या मैत्रिणीच डोकं फोडेपर्यंत टोचतात. दोन-तीन दिवस तिला डालग्याखाली खुराड्यासमोर ठेवा, म्हणजे दिसेल पण टोचता येणार नाही. मग एका संध्याकाळी, सगळ्या दांडीवर चढल्यावर, अंधारात तिला त्यांच्यात बसवा. सकाळी मात्र दार उघडताना तुम्ही तिथे हजर राहा, आणि दाणे दोन ठिकाणी टाका.