अलार्म लावलेली बाइक स्टार्ट होत नाही: डबा बदलण्याआधी काय तपासायचं

नवरात्रीत बडोद्यातल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते. रात्री गरब्याच्या मैदानाबाहेर गाडी धडधाकट उभी केली, दीड-दोन वाजता बाहेर आलो तर सेल्फ मारताच नुसतं ‘टक टक’. संशय लगेच अलार्मवर जातो, पण बहुतेक वेळा अलार्मचा डबा बिघडलेला नसतो. मैदानातल्या स्पीकरच्या दणक्याने धक्का ओळखणारा शॉक सेन्सर पुन्हा पुन्हा चाळवतो, अलार्म बोंबलत राहतो आणि बॅटरी उतरते. यात भोंग्यापेक्षा जास्त करंट इंडिकेटर खातात. १० वॅटचे चार बल्ब एकदम लागले की ३ अॅम्पियरच्या वर जातात. लुकलुकतात म्हणून त्याचं निम्मं धरा आणि भोंग्याचा साधारण १ अॅम्पियर मिळवा. अर्ध्या मिनिटाच्या एका बोंबेला ०.०२ अॅम्पियर-अवर (बॅटरीतला साठा मोजायचं माप) गेले. अशा पन्नास बोंबा झाल्या की १ अॅम्पियर-अवर संपला. १००–१२५ सीसीच्या गाडीत मुळात बॅटरीच ३ ते ५ अॅम्पियर-अवरची असते.

म्हणून पहिलं काम मल्टिमीटरचं. २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या टोकांना लावा. गाडी काही तास उभी असताना १२.६ किंवा त्याहून जास्त दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.० च्या आसपास असेल तर ती उतरली आहे. सेल्फ दाबताना आकडा ९.६ च्या खाली घसरला तर पुढचं काही न बघता आधी चार्ज करा. कमी व्होल्टेजवर अलार्मचा रिले (करंटने चालू-बंद होणारा स्विच) नीट ओढत नाही. शिवाय काही डबे करंट जाऊन परत आला की आपोआप लॉक होतात. त्यामुळे बॅटरी बदलूनही गाडी गप्प राहिली तर आधी रिमोटने एकदा लॉक आणि मग अनलॉक करून बघा.

रिमोटचा सेल स्वस्त असतो, पण तो बघायचं कोणाला सुचत नाही. रिमोटमध्ये १२ व्होल्टचा २३ए किंवा २७ए, नाहीतर ३ व्होल्टचा बटण सेल सीआर२०३२ असतो. २३ए आणि २७ए जाडीला वेगळे आहेत, म्हणून जुना सेल बरोबर घेऊनच रावपुऱ्यात घड्याळवाल्याकडे जा. रिमोटचा दिवा लागतो म्हणजे सेल चांगला, असं नाही. दिव्याला करंट थोडा पुरतो, सिग्नलला जास्त लागतो. आतल्या पत्र्यांवर हिरवट थर असेल तर पेन्सिलच्या खोडरबराने पुसा. एकाच जागी रिमोट चालत नसेल आणि गाडी पन्नास पावलं ढकलल्यावर चालत असेल, तर तिथे त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसरं काही उपकरण सुरू आहे. रिमोट ठीकच आहे.

किल स्विच, न्यूट्रल आणि साइड स्टँडही याच वेळी बघून घ्या. साइड स्टँड खाली असताना इंजिन बंद ठेवणारा कट-ऑफ असलेल्या गाड्यांत स्विचवर चिखल बसला की अगदी अलार्मसारखीच लक्षणं दिसतात.

इथवर सगळं ठीक असेल तर सीट आणि साइड पॅनल उघडा. डबा बहुधा बॅटरीच्या ट्रेमागे कोंबलेला सापडतो. आता तो इंजिन कसं अडवतो ते ओळखायचं आहे, कारण उपाय त्यावरच ठरतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या सीडीआय (स्पार्क देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) गाड्यांत बरेचदा एकच बारीक वायर सीडीआयच्या किल वायरला जोडलेली असते. होंडा आणि हीरोच्या जुन्या गाड्यांत ही किल वायर काळी-पांढरी असते. अलार्म ती अर्थ करतो, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडतो, आणि स्पार्क बंद होतो. अशा गाडीत चावी बंद करून डब्याचा कनेक्टर उपसा आणि किक मारा. इंजिन पकडलं तर दोष अलार्मच्या बाजूला आहे.

दुसऱ्या प्रकारात इग्निशनची जाड वायर मधेच कापून दोन्ही टोकं रिलेत नेलेली असतात. इथे कनेक्टर उपसला तर सर्किट तुटलेलंच राहू शकतं. लोक याच जागी फसतात: अलार्म काढला तरी गाडी बंद, म्हणून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) किंवा सीडीआय बदलून बसतात. रिलेच्या पायांवर आकडे असतात. वायरी ३० आणि ८७ए वर असतील तर रिलेला करंट नसताना रस्ता चालू राहतो. त्या ३० आणि ८७ वर असतील तर रिले मेला की गाडीही बंद पडते. असं फिटिंग दिसलं तर ते बदलूनच घ्या.

एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोलचं इंजेक्शन आहे, तिथे कानाने ओळखता येतं. चावी चालू केल्यावर दोन-तीन सेकंद टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाची घरघर ऐकू यायला हवी आणि इंजिनचा पिवळा दिवा लागायला हवा. दोन्ही नसतील तर ईसीयूपर्यंत करंट पोचत नाही. या गाड्यांत बल्बवाली टेस्ट लॅम्प ईसीयूच्या वायरींना लावू नका आणि ‘अर्थ करून बघू’ हा प्रयोगही नको, ईसीयू जळू शकतो.

आता मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा आणि चावी चालू करा. लाल पिन आधी रिलेच्या आत जाणाऱ्या टोकाला, मग बाहेर येणाऱ्या टोकाला लावा. दोन आकड्यांत ०.५ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर तो जोड किंवा तो रिले खराब आहे. रिमोट दाबल्यावर ‘टिक’ ऐकू येते पण पलीकडे व्होल्टेज नाही, तर रिलेचे पॉइंट जळले आहेत.

तरी रिलेपेक्षा जास्त वेळा जोडच धोका देतात. घाईच्या फिटिंगमध्ये वायर दोन बोटांत पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असते. पावसाळ्यात एकदा अलकापुरीच्या गरनाळ्यातून (रेल्वेखालच्या रस्त्यातून) गाडी काढली की पाणी टेपच्या आत शिरतं. तांबं आधी हिरवं होतं, नंतर काळं पडून त्याचा भुगा होतो, आणि वरून टेप मात्र नव्यासारखी दिसते. म्हणून टेप सोलूनच बघा. बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा, चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापा, दोन्हीकडे दीडेक सेंटिमीटर सोला, सोल्डर करा, वर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा. नळी जोडण्याआधीच वायरीत ओवायची असते. अलार्मची काळी वायर रंगवलेल्या बोल्टखाली दाबलेली असेल तर तिथून सोडवून सरळ बॅटरीच्या निगेटिव्हवर आणा.

वाटेत अडकलात तर रिलेतली ती दोन जाड टोकं थेट एकमेकांना जोडा. मूळ वायर पूर्ववत होते आणि चावीने गाडी नेहमीसारखी बंद होते. बॅटरीवरून नवी वायर आणून इग्निशनला लावू नका. त्यात ना फ्यूज, ना चावीचा ताबा.

२०२४ च्या ऑगस्टमधल्या विश्वामित्रीच्या पुरासारख्या पाण्यात गाडी बुडली असेल तर डब्याला करंट देऊ नका. उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने बोर्ड धुवा आणि किमान एक दिवस पंख्याखाली ठेवा. तांदळात पुरून काही होत नाही, कारण नुकसान ओलाव्यापेक्षा गाळाने आणि क्षारांनी होतं. बोर्डावरच्या भागांच्या पायांवर हिरवे ठिपके आले असतील तर डबा काढून टाकलेलाच बरा.

गाडी आठवडाभर उभी राहिली की रुसते, अशी तक्रार असेल तर मीटर १० अॅम्पियरच्या रेंजवर ठेवून बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीत मधे जोडा, चावी बंद आणि अलार्म लॉक. मीटर जोडलेला असताना सेल्फ दाबू नका, मीटरचा फ्यूज जाईल. ५ ते १० मिलिअॅम्पियर चालतं. ५० दिसले तर दिवसाला १.२ अॅम्पियर-अवर जातात, म्हणजे ४ अॅम्पियर-अवरची बॅटरी दोन दिवसांत सेल्फला नकार देईल.

गरब्याच्या दिवसांत सेन्सरची संवेदनशीलता उतरवून ठेवा. डब्यावर छोटा स्क्रू असेल तर तो थोडा उलटा फिरवा, नाहीतर रिमोटवरून सायलेंट मोड लावा. काही डबे सायलेंट मोडमध्येही इंडिकेटर लुकलुकवतात. त्या गाडीला नऊ रात्री हँडल लॉक आणि डिस्क लॉकवर सोडा, अलार्म बंदच राहू द्या.