छोट्या थाई खानावळीत पहिल्यांदा जाताना

बँकॉकच्या गल्लीतल्या छोट्या खानावळीत पहिल्यांदा जाताय? सुरुवात ‘पाद क्रापाव’ने करा: थाई तुळशीत परतलेला खिमा, गरम भात आणि वर कुरकुरीत कडांचं तळलेलं अंडं (हे वेगळं सांगावं लागतं, पण सांगाच). तिखट बेताचं हवं तर ‘फेत नोय’ म्हणा. तोम यम या आंबट-तिखट सूपमधले गवती चहाचे तुकडे कढीपत्त्यासारखे बाजूला काढायचे.

शाकाहारी असाल तर जास्त जपा. नुसत्या भाज्यांच्या करीतही वाटणात बहुधा कोळंबीची पेस्ट असते, वरून फिश सॉस पडतो. ‘मांस नको’ एवढ्याने भागत नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ (थाई लिपीत เจ, म्हणजे कडक शाकाहारी) लिहिलेली जागा शोधा. तिथे मांस, मासे, अंडी, दूध आणि कांदा-लसूणही वर्ज्य असतात.