ट्रान्सपरंट पडदे माळ्यावर टाकताय? या चुका टाळा

रोहिणी लागून वळवाचं पहिलं वादळ आलं की आपल्याकडे सगळ्यांना एकदमच पडदे आठवतात. ओट्याचे, बाल्कनीचे, हॉटेलच्या शेडचे, ते जाड पारदर्शक प्लास्टिकचे. माळ्यावरून खाली काढले की कुठे पिवळट, कुठे सुरकुत्या, कुठे दोन पडदे एकमेकांना चिकटलेले, आणि मग दुकानात येऊन पहिलं वाक्य, "भाऊ, माल हलका दिला तुम्ही." मी हे पडदे शिवतो, त्यामुळे दरवर्षी ऐकतो. माल कधीकधी खरंच हलका असतो, नाही म्हणत नाही, पण बऱ्याच वेळा पडद्याची वाट पावसात लागतच नाही, दिवाळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तो जिथे पडून असतो तिथे लागते.

कारण साधं आहे. हे प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी, पाण्याच्या पाईपाचं असतं तेच. ते मुळात कडक, मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट केमिकल घालतात, आणि ते आत कायमचं बांधलेलं नसतं, उष्णता मिळाली की हळूहळू बाहेर निघतं. ते निघालं की पडदा आखडतो, कडक होतो, शिलाईपाशी चिरतो. आता आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातोच, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर त्याहून जास्त तापतं, तर पत्र्याखाली पडदा ठेवणं ही सगळ्यात महागाची चूक. खालच्या खोलीत, सावलीत, कॉटखाली ठेवा, घरातले कुरकुर करतील, करू द्या.

दुसरी चूक घडीची. चादरीसारखी चौपदरी घडी घालून वर गोधड्यांचं गाठोडं ठेवायचं, म्हणजे घडीची रेघ गरमीत पक्की बसते आणि पुढच्या वर्षी तिथूनच पडदा फाटतो. घडी नकोच, गुंडाळा. चार इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा प्लंबरकडे मिळतो, त्याच्यावर सैलसर गुंडाळायचं आणि प्रत्येक थरात धुतलेली पांढरी सुती चादर किंवा जुनं धोतर घालायचं. चेन आणि पितळी रिंगा शेवटी बाहेरच्या बाजूला येतील असं बघा, आत राहिल्या तर त्यांचे ठसे थेट प्लास्टिकवर उठतात. सुतळीने आवळून बांधू नका, कापडाची रुंद पट्टी सैल बांधली तरी पुरे. रोल आडवा ठेवा, वर काही ठेवू नका.

चादर पांढरीच का, तर रंगीत साडीचा रंग पीव्हीसी ओढून घेतो. आणि पेपर तर अजिबात नको! पेपरात गुंडाळलेला एक पडदा माझ्याकडे आला होता, त्याच्यावर लग्नाच्या जाहिरातीची अक्षरं उलटी उमटलेली, नीट वाचता येत होती. ती शाई परत निघत नाही, घासलं तर पडदाच धूसर होतो. तसाच थर्मोकोल. माळ्यावर टीव्ही-फ्रिजचं पॅकिंग असतं, किंवा जुन्या मखराचे तुकडे, त्याला पडदा टेकून राहिला की प्लास्टिसायझर थर्मोकोलला खातो आणि वितळल्यासारखं होऊन दोन्ही एकमेकांना चिकटतात, हे बऱ्याच जणांना खोटं वाटतं पण होतं असंच.

ठेवायच्या आधी धुवायचं, पण कसं ते बघा. आपल्याकडचा फुफाटा म्हणजे बारीक वाळूच, कोरड्या फडक्याने पुसला की ओरखडे पडलेच. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्या, मग भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब पाण्यात टाकून मऊ कापडाने. बोअरचं पाणी असेल तर शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा फिरवा, नाहीतर क्षाराचे पांढरे डाग वाळून बसतात. काच साफ करायचा अमोनियावाला स्प्रे, थिनर, पेट्रोल, स्पिरिट यातलं काहीही लावू नका, त्या दिवशी चकाचक दिसेल आणि नंतर पांढुरकं होऊन तडकेल. बाहेरच्या देशांत मोठ्या बोटींच्या केबिनला काचेऐवजी हेच प्लास्टिक लावतात, तिथेही सांभाळायचे नियम हेच. आणि पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळायचं नाही, कडेच्या कापडी पट्टीत ओल राहते आणि तिथून बुरशी धरते.

आता काही जण थंडीच्या वाऱ्यासाठी पडदे संक्रांतीपर्यंत ठेवतात, ठीक आहे, फक्त काढताना पहाटे काढू नका. धुळ्याकडे जानेवारीत पारा १० च्या खाली उतरतो तेव्हा पीव्हीसी कडक झालेलं असतं, जोरात वाकवलं की तडा. दुपारी काढा.

झालं ते झालं म्हणाल तर थोडंफार सुधारतं. धूसर पांढुरका पडदा बऱ्याचदा ओल शोषल्यामुळे असतो, हवेशीर जागी टांगला की काही दिवसांत साफ होतो. सुरकुत्या असतील तर सकाळच्या कोवळ्या उन्हात स्वच्छ फरशीवर पसरा, आपोआप बसतात, इस्त्री कुणी फिरवू नका. चिकटलेले दोन पडदे ओढून सोडवू नका, कोमट पाणी सोडत कोपऱ्यापासून हळूहळू उचला. चिकचिक करत असेल तर साबणाच्या पाण्याने धुवा. रिंगा हुकापर्यंत पोचत नसतील तर पडदा थोडा आखडलाय, दुपारच्या गरमीत लावून बघा, थोडा ताणतो.

पिवळा पडलेला मात्र परत पारदर्शक होत नाही, त्यावर पॉलिश घासण्यात पैसे घालू नका. कडेची पट्टी, चेन, रिंगा धड असतील तर नुसतं मधलं प्लास्टिक बदलून मिळतं, नव्यापेक्षा स्वस्तात पडतं, फक्त आखाजीच्या आधी घेऊन या, जूनमध्ये मशीनवर नंबर लागत नाही.