आधी साठा पडताळणी, मग रंगरंगोटी

मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. दोन वर्षांपूर्वी स्टाफ मीटिंगला मी दहा मिनिटं उशिरा पोचले, आणि तेवढ्यात ‘संकेतस्थळ नूतनीकरण समिती’च्या समन्वयक म्हणून माझं नाव लिहून झालं होतं. वेबसाइटशी माझा तोवरचा संबंध एवढाच.

मीटिंगमध्ये वाद चालला होता रंग निळा की मरून, आणि वर सरकणाऱ्या फोटोंत कुणाचा फोटो आधी. मला मात्र काम ओळखीचं वाटलं. दर उन्हाळ्यात आम्ही दाखल नोंदवही घेऊन कपाटन् कपाट पडताळतो: आहे, हरवलं, फाटलं, निर्लेखनाला (नोंदीतून रद्द करायला) काढायचं. वेबसाइटचंही आधी तेच करायचं. तुमच्या गळ्यात असं काम पडलं असेल तर रंगाचा विषय निदान दोन महिने कुणाला काढू देऊ नका.

अगदी पहिलं काम किल्ल्या शोधण्याचं. डोमेन (साइटचा पत्ता) कुणाच्या नावावर, होस्टिंगचं (साइट ज्या सर्व्हरवर राहते त्याचं) बिल कोण भरतं, पासवर्ड कुणाकडे. आमचं सगळं एका निवृत्त सरांच्या खासगी ईमेलवर होतं आणि ओटीपी त्यांच्या मोबाईलवर जायचा. सर भले, म्हणून निभावलं; प्रत्येक वेळी त्यांची दुपारची झोप मोडून मी ओटीपी मागायची. शिक्षणसंस्थांचं ‘.एसी.इन’ डोमेन अर्नेट इंडिया या केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या संस्थेकडून मिळतं. त्याच्या नूतनीकरणाची आठवण कुणाच्या ईमेलवर येते ते आजच बघा. माणसाच्या नव्हे, पदाच्या नावाचा ईमेल करा, आणि पासवर्ड बंद लिफाफ्यात प्राचार्यांच्या कपाटात ठेवा.

मग यादी. एक्सेलमध्ये एका ओळीत एक पान किंवा एक पीडीएफ. रकाने असे: पूर्ण पत्ता, आत काय आहे, शेवटचा बदल कधी, जबाबदार कोण, ठेवायचं-दुरुस्त करायचं-काढायचं, आणि शेवटी ‘नवा पत्ता’. हा शेवटचा रकाना सुरुवातीला रिकामाच राहतो, पण पुढे तोच तारतो. कंटाळवाणं काम आहे. रोज तास-दीड तास बसून मला तीन आठवडे लागले. एकच शैक्षणिक वेळापत्रक चार ठिकाणी चार वेगवेगळ्या तारखांसह सापडलं. २०२०च्या अखेरीस बंद पडलेल्या फ्लॅश या जुन्या तंत्रावर चालणारा एक ‘कॅम्पस दर्शन’ही होता, म्हणजे नुसता राखाडी चौकोन.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला द्यायच्या स्वयंअध्ययन अहवालात आणि दरवर्षीच्या एक्यूएआरमध्ये (वार्षिक गुणवत्ता अहवालात) पुराव्यादाखल आपण वेबसाइटवरच्या फायलींचे दुवे देतो. साइट नवी झाली, फोल्डरांची नावं बदलली, की अहवालातले ते दुवे मेले. अहवाल तर जमा झालेला. पडताळणी करणारा माणूस दुवा उघडतो आणि त्याला ‘पान सापडले नाही’ दिसतं. कागद आपल्याकडे असून नसल्यासारखा. म्हणून शक्य तिथे जुना पत्ता जसाच्या तसा ठेवा. नसेल जमत तर प्रत्येक जुन्या पत्त्याला त्याच्या जोडीच्या नव्या पत्त्यावर ‘३०१ रीडायरेक्ट’ (जुना पत्ता उघडला की आपोआप नव्यावर नेणारी सोय) लावून घ्या. पुस्तक दुसऱ्या कपाटात हलवलं की जुन्या जागी आम्ही पाटी लावतो, तसंच हे. एक पळवाट विक्रेते सुचवतातच: सगळे जुने पत्ते मुखपृष्ठावर वळवून टाकू. नको म्हणा. एक्यूएआरचा कागद शोधणाऱ्याला मुखपृष्ठ दाखवून काय उपयोग? गूगलही असं वळवणं हरवलेल्या पानातच जमा धरतं.

मुखपृष्ठावर काय असावं हे समितीला विचारू नका, खिडकीला विचारा. प्रवेशाच्या दिवसांत मी तीन दिवस कार्यालयाच्या खिडकीशेजारी खुर्ची टाकून बसले. आमचे लिपिक काका उत्तरं देत होते, मी कागदावर रेघा मारत होते. फी किती, हप्ते करून मिळतील का, बोनाफाईड कधी मिळेल, टीसीला काय काय लागतं, महाडीबीटीच्या अर्जाची प्रत कुणाकडे द्यायची. संस्थेचं ध्येयवाक्य तीन दिवसांत एकाही मुलाने विचारलं नाही. ज्या प्रश्नांपुढे रेघा जास्त, ते वर, आणि मोबाईलवर बोट न सरकवता दिसतील असे. मान्यवरांच्या फोटोंसाठी ‘आमची संस्था’ असं वेगळं प्रशस्त पान केलं. फोटोंचा क्रम संस्थेच्या कार्यालयाकडून लेखी घेतला. तो लेखीच घ्या.

मराठी मजकुराला वेळापत्रकात वेगळा वेळ धरा. आमच्या जुन्या सूचना श्रीलिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या. अशा पीडीएफमधला एखादा शब्द उचलून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. भलतीच अक्षरं उमटली तर तो मजकूर शोधात कधीच सापडणार नाही. युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात) रूपांतर करणारी साधनं आहेत, पण ती रफार सरकवतात आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्‍या’ किंवा ‘दुसर्या’ करून ठेवतात. आमच्या मराठीच्या मॅडमनी प्रत्येक पान वाचलं, लाल पेन घेऊन. डिझायनरला दोन गोष्टी आधीच सांगा: मथळ्यांतल्या अक्षरांमध्ये अंतर वाढवू नकोस, शिरोरेघ तुटते, आणि दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोड, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत अडकतो. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट फुकट आहे आणि चांगला आहे. पानाच्या कोडात ‘भाषा: मराठी’ ही नोंद हवीच, म्हणजे पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला आवाज कोणता लावायचा ते कळतं. आमच्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्याने एनव्हीडीए हे असंच वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावून साइट तपासून दिली. सही-शिक्क्याच्या सूचनेचा फोटो काढून टाकायची आमची सवय त्याने पाच मिनिटांत उघडी पाडली. त्याच्यासाठी त्या पानावर काहीच नव्हतं. तेव्हापासून सूचना टाइप करून लावतो, सहीची प्रत खाली जोडतो.

विक्रेत्याशी करारात काय काय लिहायचं ते लेखापालांशी बसून ठरवा. साइट वर्डप्रेससारख्या खुल्या प्रणालीवर, सगळे पासवर्ड आणि पूर्ण बॅकअप संस्थेकडे, रीडायरेक्टची यादी हा कामाचाच भाग, आणि शेवटचा हप्ता साइट सुरू झाल्यावर महिन्याने. आमच्या आधीच्या विक्रेत्याने सगळे पैसे घेतल्यावर फोन उचलणं सोडलं होतं. मंजुरीला समिती हवी, पण शेवटचा शब्द एकाचाच. आमच्याकडे तो उपप्राचार्यांचा होता, त्यामुळे मरून रंग एका दुपारीत निकालात निघाला.

सुरू कधी करायची? प्रवेश आणि निकालाच्या दिवसांत नाही, आणि वर्धापनदिनी पाहुण्यांच्या हस्ते कळ दाबायला तर मुळीच नाही. आम्ही दिवाळीची सुट्टी निवडली. एक दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (साइट कोणत्या सर्व्हरवर आहे हे इंटरनेट किती वेळ लक्षात ठेवतं ती मुदत) २४ तासांवरून ५ मिनिटांवर आणायला सांगा, म्हणजे काही फसलं तर लगेच जुन्या साइटवर परतता येतं. जुनी साइट पुढचे तीन महिने पुसू देऊ नका. शिवाय तिची महत्त्वाची पानं वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवणाऱ्या संग्रहात जतन करून ठेवा.

पहिला महिनाभर रोज सकाळी ‘न सापडलेल्या पानांची’ नोंद बघायची. विक्रेत्याला सांगितलं की तो ती यादी काढून देतो. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात सगळ्यांत जास्त वेळा मागितलेला हरवलेला पत्ता निघाला २०१६ सालच्या बोनाफाईडच्या अर्जाचा. वेडावाकडा स्कॅन, कोपऱ्यात चहाचा डाग. माझ्या यादीत त्याच्यापुढे मीच ‘काढायचं’ लिहिलं होतं. काकांना विचारलं तर म्हणाले, “मॅडम, गावातले सगळे झेरॉक्सवाले तोच काढून देतात.” त्याच दिवशी अर्ज नव्याने टाइप करून जुन्या पत्त्यावर परत लावला.