उतारा समजला, तरी उत्तर चुकतं? लॉ एन्ट्रन्सच्या वाचनातल्या या चुका टाळा

मॉकचा, म्हणजे सराव परीक्षेचा, निकाल लागला की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कुठल्याही क्लासबाहेर एक वाक्य हमखास कानावर पडतं : "उतारा समजला होता ओ सर, ऑप्शनमध्ये घोळ झाला." हे अर्धंच खरं असतं. समजलेला असतो तो उताऱ्याचा विषय. लेखकाचं त्या विषयावर म्हणणं काय आहे, ते निसटलेलं असतं. आणि प्रश्न येतात ते म्हणण्यावर.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, सहा जिल्ह्यांची कामं इथं आली, आणि 'पोराला लॉ करू दे' ही चर्चा घराघरांत जरा जास्तच ऐकू यायला लागली. चांगलंच आहे. पण बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जायचं तर क्लॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि ती आता बव्हंशी वाचनाचीच परीक्षा आहे. १२० प्रश्न, १२० मिनिटं, पेपर फक्त इंग्रजीत. २०२० पासून सुटे प्रश्न गेले, साधारण साडेचारशे शब्दांचे उतारे आले. चालू घडामोडीही उताऱ्यावरच विचारतात. वीसेक उतारे धरले तर प्रश्न सोडून नुसतं वाचनच आठ-नऊ हजार शब्दांच्या घरात जातं. शहाजी लॉ कॉलेजसारख्या राज्यातल्या कॉलेजांसाठी एमएच-सीईटी लॉ आहे. तिथं मराठीचा पर्याय आहे आणि उताऱ्यांचा मारा कमी आहे, पण वाचनाच्या सवयी त्याच लागतात.

विषय कळला म्हणजे उतारा कळला असं धरून चालणं

जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि आपल्याकडे गदारोळ झाला. समजा, त्यावर असा उतारा आला : 'कारागिरांचा राग समजण्यासारखा आहे. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे खटला भरावा असं अनेकांना वाटतं. मात्र मानांकनाचा कायदा प्रामुख्याने नावाला संरक्षण देतो. नाव न वापरता केलेल्या मिळत्याजुळत्या घाटाला त्यानं अडवणं कठीण आहे. कारागिरांना बाजारात थेट जागा मिळवून देणं हा अधिक खात्रीचा मार्ग ठरेल.'

प्रश्न : लेखकाची भूमिका कोणती? इथं कोल्हापूरचं पोरगं डोळे झाकून 'कंपनीवर कायदेशीर कारवाई व्हावी' हा पर्याय निवडतं. कारण 'राग', 'मानांकन', 'खटला' हे शब्द वाचताक्षणी डोक्यात आपला स्वतःचा अग्रलेख सुरू होतो. खटल्याचं मत 'अनेकांचं' आहे, लेखकाचं नाही. लेखक 'मात्र'पासून बोलायला लागलाय.

उपाय साधा आहे, पण कंटाळवाणा. कुठलाही लेख वाचून झाला की तो बंद करायचा आणि वहीत एकच वाक्य लिहायचं, 'लेखकाचं म्हणणं असं की…'ने सुरू होणारं. 'हा लेख कोल्हापुरी चपलेबद्दल आहे' असं लिहिलंत तर विषय लिहिलात, पुन्हा वाचा. मग त्याखाली दोन शब्द, 'कारण' आणि 'मात्र', आणि त्यांच्यापुढे एकेक ओळ. हे मराठीत लिहिलं तरी चालतं. किंबहुना पहिले काही आठवडे अग्रलेखही मराठीच घ्या. ज्याला मराठी अग्रलेखाचं म्हणणं एका ओळीत सांगता येत नाही, त्याला इंग्रजीतलंही सांगता येणार नाही, आणि मग दोष इंग्रजीचा नसतो. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या गावात आहे; वेगवेगळ्या पेपरांतले एकाच विषयावरचे दोन अग्रलेख शेजारी ठेवून वाचायला त्यासारखी जागा नाही.

निकालपत्रांवरच्या उताऱ्यात हाच घोटाळा आणखी महागात पडतो. न्यायालय आधी अर्जदाराचा युक्तिवाद मांडतं, मग सरकारचा, मग आपलं मत देतं. अर्जदाराचा युक्तिवाद इतका सविस्तर आणि पटणारा असतो की पोरं तोच निकाल समजतात. 'इट वॉज कंटेंडेड', 'काउन्सेल सबमिटेड' असं दिसलं की समजायचं, अजून वकीलच बोलतोय. क्लॅट कागदावर होते, हातात पेन असतं. समासात 'अ', 'स', 'को' अशी खूण करत जा : अर्जदार, सरकार, कोर्ट. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि कोण बोलतंय यावरचा प्रश्न मग चुकत नाही.

पानावर नसलेलं उत्तर डोक्यातून आणणं

हुशार पोरांची ही खास चूक. ज्याला काहीच माहीत नाही तो बिचारा उताऱ्याला धरून राहतो.

कोल्हापुरीचंच मानांकन घ्या. ते महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांना आहे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातल्याही चार जिल्ह्यांना. उताऱ्यात बेळगाव-धारवाड स्पष्ट छापलेलं असलं तरी आपल्याकडचा विद्यार्थी 'फक्त कोल्हापूर' या पर्यायापाशी घुटमळतो. चपलेवरचं प्रेम ठीक आहे, पण गुण त्याला नसतात. तसंच फौजदारी कायद्याचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. पण उतारा जुन्या कलमावर असेल तर उत्तर त्या कलमावरच द्यायचं. क्लॅटच्या लीगल रीझनिंग विभागात, म्हणजे कायद्याचा नियम लावून बघायच्या प्रश्नांत, नियम उताऱ्यात दिलेला असतो, तेवढाच तुमचा कायदा.

माहितीपेक्षा जास्त त्रास देते ती न्यायबुद्धी. १९०३ चा मोहरीबीबी खटला प्रसिद्ध आहे : अल्पवयीनानं केलेला करार मुळातच रद्दबातल, असं प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, ठरवलं. आता त्यावर प्रश्न बनवा. सतरा वर्षांच्या मुलानं वय खोटं सांगून कर्ज घेतलं, पैसे उडवले, आता सावकार करारावर बोट ठेवून वसुली मागतो. उताऱ्यातला नियम एवढाच : 'अल्पवयीनाचा करार सुरुवातीपासूनच शून्य, त्याच्या आधारे वसुली करता येत नाही.' वसुली होईल का? मन म्हणतं, लबाडाला सोडायचं कसं? पण दिलेल्या नियमात लबाडीचा अपवाद नाही. पर्यायासमोर पेन थांबलं की स्वतःला एकच विचारायचं : हे कुठल्या ओळीत आहे? ओळ दाखवता आली नाही तर पर्याय सोडून द्यायचा, मग तो कितीही नैतिक वाटो.

किती, कुणाला, कधीपासून : व्याप्ती न पाहणं

दोन पर्याय उरतात आणि दर वेळी चुकीचाच निवडला जातो, ही तक्रार असेल तर बहुतेक वेळा तुमचा आजार हाच. त्याच्या सरावाला आपल्या गावाइतकं उत्तम साहित्य दुसरीकडे मिळायचं नाही.

राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आदेश कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही माहीत असतो. 'महाराजांनी निम्म्या नोकऱ्या राखीव ठेवल्या.' आदेशात प्रत्यक्ष काय आहे? आदेश पोचल्यापासून ज्या जागा रिकाम्या होतील, त्यांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांमधून भराव्यात. आणि ज्या कचेऱ्यांत त्यांचं प्रमाण ५० टक्क्यांहून कमी आहे, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यापैकीच कुणाची तरी करावी. म्हणजे निम्मं ठरलं ते रिकाम्या होणाऱ्या जागांमधलं, एकूण नोकऱ्यांमधलं नव्हे. तेही आदेशानंतरच्या. नोकरीत बसलेल्याला उठवायचं असं त्यात कुठंच नाही. 'संस्थानातल्या निम्म्या नोकऱ्या तत्काळ मागासवर्गीयांना मिळाल्या' हा पर्याय म्हणूनच चूक, जरी त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द ओळखीचा वाटत असला. प्रश्न काढणारे सापळा लावतात तो असाच : आदेशातलेच शब्द, व्याप्ती फक्त जराशी ताणलेली.

त्याच आदेशात पुढं मागासवर्ग म्हणजे कोण, ते सांगितलंय, आणि तेही वगळून : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि 'इतर पुढारलेले वर्ग' सोडून बाकी सगळे. यादीत नाव नसलेली एखादी जात आली तर? ती आपोआप मागास ठरत नाही, कारण 'इतर पुढारलेले' हे दार उघडं ठेवलंय. ती पुढारलेली आहे का, हे आधी ठरवावं लागेल. एका परिच्छेदावर असे चार प्रश्न निघतात. दसरा चौकातून रोज जाता-येता महाराजांच्या पुतळ्याकडे बघणाऱ्यांनी एकदा आदेशाचा मजकूर मिळवून शब्द न् शब्द वाचावा, चांगला सराव होईल.

'अनलेस' आणि त्याची भावंडं

कारखान्याला ऊस घातला की १४ दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज. हे आपल्याकडे कुणालाही विचारा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात तसंच आहे, फक्त मध्ये एक अट आहे : दोन्ही पक्षांत याविरुद्ध लेखी करार नसेल तर.

प्रश्न असा बनतो. शेतकऱ्यानं १ डिसेंबरला ऊस दिला. चेअरमननी सभेत सांगितलं, बिल महिन्यानं काढू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. २० तारीख आली, पैसे नाहीत. व्याज लागू होईल? अट वाचलीच नाही तो 'हो' म्हणतो आणि नशिबानं बरोबर येतो. अट अर्धी वाचली तो 'नाही, कारण शेतकऱ्यांनी मान्य केलं होतं' म्हणतो आणि चुकतो. पूर्ण वाचणारा विचारतो, लेखी होतं का? नव्हतं, म्हणजे अपवाद लागू नाही, १५ तारखेनंतर व्याज सुरू. नशिबानं बरोबर आलेल्याची मला जास्त काळजी वाटते, कारण त्याची चूक मॉकमध्ये पकडलीच जात नाही.

'अनलेस', 'एक्सेप्ट', 'ओन्ली इफ', 'प्रोव्हायडेड दॅट', 'नॉटविथस्टँडिंग' दिसलं की गोल करायचा. आणि 'मे' व 'शॅल'मधला फरक डोळ्याआड करायचा नाही : पहिल्यात साधारणपणे मुभा असते, दुसऱ्यात बंधन.

लांब वाक्यात दम लागणं

मराठी माध्यमातून आलेल्यांचा हा त्रास खरा आहे आणि त्याला न्यूनगंडाचं कारण नाही. आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण वाक्य संपेपर्यंत धीर धरायला शिकलेले असतो. कायद्याच्या इंग्रजी वाक्यात कर्ता सुरुवातीला येतो, मध्ये दोन स्वल्पविरामांत तीन ओळींची अट घुसते आणि क्रियापद कुठंतरी पोटात असतं. शब्दाला शब्द मराठी लावत गेलात तर अटीतच अडकाल. आधी कर्ता आणि त्याचं क्रियापद शोधा, मधलं सगळं कंसात टाकलंय असं समजा, मग कंस उघडा. ऊस आदेशाचं इंग्रजी वाक्य असं फोडून बघा : कारखानदारानं पैसे द्यावेत, हा सांगाडा, कधी, कुणाला, कशाशिवाय, हे नंतर.

शब्दसंग्रहाच्या याद्यांबद्दल फार बोलत नाही. पाठ करायच्या तर करा, पण क्लॅटमध्ये शब्दाचा अर्थही उताऱ्याच्या संदर्भातच विचारतात, आणि यादीतला पहिला अर्थ तिथं अनेकदा फसवतो. 'आधी प्रश्न वाचा, मग उतारा' हा सल्लाही मला पटत नाही. पाच प्रश्न आणि वीस पर्याय डोक्यात घेऊन उतारा वाचणारा माणूस उतारा वाचतच नसतो, हरवलेली वस्तू शोधत असतो.

मॉकवर मॉक, पण चुकांची वही नाही

कुठली चूक आपली, हे कळल्याशिवाय उपाय लागू पडत नाही. म्हणून मॉक झाल्यावर दुसऱ्या दिवशी चुकलेले प्रश्न घड्याळाशिवाय पुन्हा सोडवा, बरोबर उत्तर न बघता. आता बरोबर आले तर अडचण वेळेची किंवा घाईची. पुन्हा तेच चुकीचं उत्तर आलं तर अडचण समजण्याची. त्यापुढे कारण लिहा : म्हणणं चुकलं, बाहेरचं आणलं, व्याप्ती ताणली, अट सुटली. चार-पाच मॉकनंतर एका कारणापुढे गर्दी दिसेल. पुढचे पंधरा दिवस फक्त तेवढंच. बरोबर आलेल्या पण खात्री नसलेल्या प्रश्नांनाही याच वहीत जागा द्या.

वेगाची चिंता त्यानंतर. पाच-सहा प्रश्नांच्या उताऱ्याला पाच-सहा मिनिटं मिळतात. त्यातली दोन ते अडीच वाचनाला दिली तर चालतं. दहा ओळी वाचून मागं जावं लागतंय असं झालं तर वेग वाढवू नका, कमी करा. दुसऱ्यांदा वाचण्यात जास्त वेळ जातो.

क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणून घाबरून कोरे सोडणारे खूप. चारपैकी दोन पर्याय ओळ दाखवून खोडता आले असतील तर उरलेल्यांतला एक निवडणं हिशोबानं फायद्याचंच आहे. एमएच-सीईटीत तर उणे गुणच नाहीत, तिथं एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही. मात्र ती परीक्षा संगणकावर असते. छापील उताऱ्यावर रेघा मारत सराव केलेल्यांचा हात पडद्यासमोर मोकळाच राहतो. शेवटच्या महिन्यात आठवड्यातून दोन उतारे तरी पडद्यावर वाचा, आणि 'कोण बोलतंय, अट काय' एवढंच शेजारच्या कच्च्या कागदावर टिपायची सवय लावा.