गरोदर बाईला दारूबद्दल कसे विचारावे आणि कसे लिहून ठेवावे

गरोदरपणाची पहिली नोंदणी करताना वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि शेवटच्या पाळीची तारीख आशाताई न चुकता लिहितात. दारूचा प्रश्न मात्र राहून जातो, किंवा "तुम्ही घेत नाही ना?" असा विचारला जातो आणि त्याला "नाही" याखेरीज दुसरे उत्तर मिळणेच शक्य नसते. हा प्रश्न नीट विचारून त्याचे उत्तर माता-बाल संरक्षण कार्डाबरोबर जपून ठेवणे का महत्त्वाचे आहे, हे आधी समजून घ्यावे.

फ्रान्समधील नांत शहरातले बालरोगतज्ज्ञ पॉल लेमोआन यांनी १९६८ मध्ये दारू पिणाऱ्या पालकांच्या १२७ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९७३ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथील केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी गर्भात दारूमुळे उद्भवणाऱ्या या लक्षणसमूहाला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' असे नाव दिले. डोळ्यांच्या फटी लहान असणे, नाकाखालची खोबण सपाट असणे, वरचा ओठ पातळ असणे आणि वाढ खुंटणे ही त्याची ओळख. पण दारूने ज्यांच्या मेंदूला इजा झाली आहे, अशा बहुसंख्य मुलांचा चेहरा असा दिसत नाही. ती इतर मुलांसारखीच दिसतात आणि पुढे शाळेत पाढे, लक्ष, स्मरण व वागण्यातले तारतम्य यांत अडखळू लागतात. चेहऱ्यावर खुणा नसलेल्या मुलाचे असे निदान करायचे, तर आईने गरोदरपणात दारू घेतली होती याची खात्रीशीर माहिती लागते. अमेरिकी तज्ज्ञांच्या २०१६ च्या निकषांतही हीच अट आहे. ही माहिती आठ वर्षांनंतर आठवणीतून मिळत नाही, म्हणून आजची नोंद लागते.

विचारताना सासू, नवरा किंवा जाऊ जवळ नसावी. घरात एकांत मिळत नसेल तर लसीकरणाच्या दिवशी वजन घेताना बाजूला नेऊन विचारावे. सुरुवात "वहिनी, हे मी प्रत्येकीलाच विचारते" अशी करावी, आणि खरोखरच प्रत्येकीला विचारावे. केवळ तांड्यावरच्या, पाड्यावरच्या किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना विचारणे हा अपमान आहे, आणि त्यामुळे शहरातल्या सुशिक्षित घरातली नोंद निसटते ती वेगळीच. आधी पाळी चुकण्यापूर्वीच्या महिन्यांबद्दल विचारावे, कारण गरोदर असल्याचे कळल्यानंतरचे सांगण्यापेक्षा त्याआधीचे सांगणे सोपे जाते. डेट्रॉइटच्या रॉबर्ट सोकोल व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये गरोदर स्त्रियांसाठी चार प्रश्नांची चाचणी तयार केली. तिचा पहिला प्रश्न "किती घेतल्यावर चढते?" असा आहे. पिता का, असे त्यात थेट विचारलेले नाही, म्हणूनच तो उपयोगी पडतो: दोनपेक्षा जास्त पेग लागतात असे उत्तर आले, तर तेवढ्यावरच पुढची चौकशी करावी.

प्रमाण तिच्याच मापात विचारावे. किनवट-माहूर भागात मोहाची, देगलूर-बिलोलीकडे शिंदी, इतरत्र देशी किंवा बिअर, असे पेय बदलते आणि त्याबरोबर मापही बदलते. ४२.८ टक्के तीव्रतेच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, तर ५ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या बिअरच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम. हातभट्टीची तीव्रता कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे तिथे हिशोब करत बसू नये. ग्लास किती, आठवड्यातून किती वेळा आणि एका बैठकीत जास्तीत जास्त किती, एवढेच लिहावे. एका बैठकीत भरपूर पिणे मेंदूला विशेष घातक असते, म्हणून तिसरा आकडा कधीच सोडू नये.

बीड, धाराशिव, जालना भागात वेळेचाही प्रश्न आहे. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात, आणि गरोदरपणाचे मधले महिने फडावर जातात. त्यामुळे निघण्यापूर्वी एकदा व परतल्यावर पुन्हा एकदा विचारावे आणि कार्ड तिच्यासोबतच द्यावे.

"आधीच घेतली, आता सोडून काय उपयोग?" असे ती म्हणेल, आणि या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे. दारू वारेतून बाळाकडे जाते, थोड्याच वेळात बाळाच्या रक्तातले प्रमाण आईच्या रक्ताइतके होते आणि बाळाचे अपक्व यकृत ती नीट पचवू शकत नाही. चेहऱ्याची घडण गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास बिघडू शकते, हे कॅथलीन सुलिक यांनी १९८१ मध्ये उंदरांवरील प्रयोगातून दाखवले. परंतु मेंदू नऊही महिने वाढत राहतो. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मानवी गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीशी जुळणाऱ्या वयातल्या उंदरांच्या पिल्लांना दारूची मोठी मात्रा दिल्यावर त्यांच्या मेंदूतल्या पेशी मोठ्या संख्येने मेल्या. म्हणजे सातव्या महिन्यात सोडली तरी पुढचे नुकसान टळते. थोडी चालते का, या प्रश्नावर मात्र "सुरक्षित प्रमाण कोणालाही सापडलेले नाही" एवढेच सांगावे.

रोज भरपूर पिणाऱ्या बाईला "आजपासून बंद" असे कधीही सांगू नये. एकदम थांबवल्याने हात थरथरणे, भ्रम होणे, झटके येणे असे प्रकार होऊ शकतात आणि ते आई-बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतात. तिला वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा रुग्णालयात किंवा नांदेड, अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात पाठवावे. सल्ल्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

बाळंतपणानंतर सर्दीवर बाळाला ब्रँडीचे थेंब देण्याची चाल काही घरांत अजून आहे. ती स्पष्ट शब्दांत बंद करायला सांगावी, कारण नवजात बाळाचा मेंदूही घडतच असतो.

मूल मोठे होताना डोक्याचा घेर, बोलणे आणि चालणे मागे पडत असल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावे. तेव्हा निदान आपण करू नये व गावात त्याचा बोभाटा होऊ देऊ नये. कुपोषण, थायरॉइड, ऐकण्यातला दोष अशी दुसरी कारणेही असू शकतात. डॉक्टरांना द्यायच्या चिठ्ठीत पेय, माप, आठवड्यातील वेळा, एका बैठकीतले जास्तीत जास्त प्रमाण, गरोदरपणाचा महिना आणि विचारल्याची तारीख लिहावी, आणि ती चिठ्ठी घडी करून बंद पाकिटात आईच्याच हाती द्यावी.