जुन्या एमएक्स-५च्या स्टीअरिंगमधला प्ले कसा शोधावा

माझदाची पहिल्या पिढीची एमएक्स-५ १९८९ ते १९९७ या काळात तयार झाली, त्यामुळे आज हाती येणाऱ्या अशा कोणत्याही गाडीच्या स्टीअरिंगचे सांधे झिजलेले असणार हे गृहीत धरूनच कामाला लागावे. गाडी भरकटते म्हणून थेट अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यायला, नेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. सांध्यात प्ले, म्हणजे झिजेमुळे आलेला ढिलेपणा, असताना केलेले अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतही टिकत नाही.

आधी टायरची हवा २६ पीएसआय करावी. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास स्टीअरिंग थरथरत असेल, तर चाकांचे बॅलन्सिंग करून घ्यावे. चाके मूळची नसतील, तर त्यांचे मधले छिद्र ५४.१ मिलिमीटरच्या हबवर घट्ट बसते का हेही पाहावे.

खरी कसोटी पुढे आहे, आणि सुरुवातीला मलाही तीच सर्वांत अवघड गेली. पुढची बाजू उचलून स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. चाक वर-खाली धरून हलवावे. ते हलत असेल, तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे: प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, कायम राहिला तर बहुधा बॉल जॉइंटचा, म्हणजे चाकाला आर्मशी जोडणाऱ्या गोल सांध्याचा. मग चाक डावी-उजवीकडे धरून हलवावे. केवळ याच दिशेला प्ले असेल, तर संशय टाय-रॉडवर, म्हणजे स्टीअरिंगच्या रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्यावर, घ्यावा. त्याच्या बाहेरच्या टोकाच्या रबरी बुटावर (आवरणावर) बोटे टेकवून ठेवली की झिजलेल्या सांध्यातली बारीक टकटक डोळ्यांआधी बोटांना कळते. आतला सांधा रॅकच्या (स्टीअरिंग फिरवल्यावर डावी-उजवीकडे सरकणाऱ्या दातेरी दांड्याच्या) घडीदार बुटात दडलेला असतो. तो बूट हलकेच दाबून आतल्या सांध्याचा अंदाज घ्यावा लागतो.

एवढ्यावर निदान पक्के समजू नये, कारण लोंबकळत्या चाकावर काही सांधे निर्दोष भासतात. गाडी रॅम्पवर चढवून चाकांवर भार येऊ द्यावा, हँडब्रेक ओढावा, चाकांमागे ठोकळे लावावेत आणि सोबत्याला स्टीअरिंग मध्याच्या दोन्ही बाजूंना थोडेथोडेच फिरवायला सांगावे. स्टीअरिंगच्या दांड्याच्या खालच्या जॉइंटपासून चाकापर्यंत एकेक सांधा तपासत जावे; ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी क्षणभर थांबते, तोच दोषी. संपूर्ण रॅकच सरकत असेल, तर तो धरून ठेवणारे रबरी बुश गेलेले आहेत.

रॅकचा ॲडजस्टिंग नट आवळून प्ले घालवण्याचा सल्ला मात्र कदापि मानू नये. गाडी बहुतेक वेळ सरळ धावत असल्याने रॅक मध्यभागी अधिक झिजतो. मधला प्ले जाईपर्यंत नट आवळला, तर कमी झिजलेल्या दोन्ही टोकांकडे स्टीअरिंग जड होते किंवा अडकते, आणि वळणातून आपणहून मध्यावर परतत नाही. हा धोका भर वळणावरच समोर येतो.

सदोष टाय-रॉड एंड बदलण्यापूर्वी त्याची लांबी मोजून लिहून ठेवावी, सांधा पुलरने सोडवावा आणि स्प्लिट पिन नवीनच घालावी. एअरबॅग असलेल्या गाडीत रॅक सोडवायचा असल्यास आधी स्टीअरिंग व्हील सरळ करून बांधून ठेवावे. मोकळे व्हील गरगर फिरले, तर एअरबॅगची गुंडाळलेली तार तुटते.

अलाइनमेंट यानंतर करावे. खालच्या आर्मचे एक्सेंट्रिक बोल्ट (जे फिरवून चाकाचा कोन बदलतात) गंजाने जाम झालेले असतात, म्हणून आदल्या आठवड्यापासून त्यांवर गंज सोडवणारे तेल सोडत राहावे आणि मोजमाप चालकाइतके वजन सीटवर ठेवूनच घ्यायला लावावे. एवढ्या हलक्या गाडीत त्या वजनाने आकडे बदलतात.